श्वासाचा वाटा

अब्बांच्या डाव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. ते फुफ्फुस काढलं तर उरलेलं एक पुरेल का, हा सर्जनचा पहिला प्रश्न होता.

श्वास मोजणारा स्पायरोमीटर लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये जगापुढे मांडला. पण तो दोन्ही फुफ्फुसांची बेरीज सांगतो, कोणाचा वाटा किती हे सांगत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत हेन्री वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून अल्ब्युमिनचे किरणोत्सर्गी कण सोडून फुफ्फुसांतल्या रक्ताच्या गुठळ्या शोधल्या. जिथे रक्त पोचतं, तिथल्या केशवाहिन्यांत हे कण काही काळ अडकतात आणि यंत्राला ते मोजता येतात. गुठळ्यांसाठी निघालेली ही युक्ती पुढे कॅन्सरच्या ऑपरेशनआधीही कामी आली.

अब्बा पहिल्या सेकंदात दोन लिटर हवा सोडत. स्कॅनमध्ये डाव्याचा वाटा ३५ टक्के निघाला. म्हणजे उरणार १.३ लिटर. सातवीच्या मुलांना शिकवतो तीच शेकडेवारी. तरी मी ती तीनदा करून पाहिली.

हिशेब बरोबर निघाला. अब्बा आज जिना चढतात, मध्ये एकदा थांबून.