बीजकाची साक्ष : मूल्यवर्धित कराच्या इतिहासातील एक प्रश्न

विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर पूर्ण किमतीवर कर आकारला, तर करावर कर चढत जातो. फ्रान्समधील १९२० च्या उलाढाल-कराचा हाच मूलभूत दोष होता. १९४८ साली तेथील उत्पादकांस कच्च्या मालावर दिलेला कर वजा करण्याची मुभा मिळाली. पुढे मोरिस लोरे यांच्या योजनेनुसार एप्रिल १९५४ च्या कायद्याने ती यंत्रसामग्रीच्या खरेदीसही लागू केली. मूल्यवर्धित कर तो हाच.

कराचा दर शेकडा १० धरल्यास १०० फ्रँकांचे सूत घेणारा विणकर १० फ्रँक कर देतो. १५० फ्रँकांस कापड विकून १५ वसूल करतो आणि सरकारात ५ भरतो. ही वजावट मिळते ती खरेदीच्या बीजकाच्या आधारे. साहजिकच बीजक मागण्यात खरेदीदाराचे हित असते, व एकाची वजावट दुसऱ्याच्या विक्रीची साक्ष ठरते.

परंतु विक्रेत्याने वसूल केलेला कर भरलाच नाही, तर? महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून हा कर अमलात आला. त्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने वजावट सरकारी तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या करापुरती मर्यादित केली. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली, आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यातही तशीच अट आली. तिजोरीचे रक्षण झाले खरे. मात्र विक्रेत्याच्या कसुरीचा भार प्रामाणिक खरेदीदारावर पडला. बीजक कर दिल्याची साक्ष देते, तो भरला गेल्याची नव्हे.