देवीची लस आणि म्हैसूरची राणी

म्हैसूरला बदलून येणारे आपले मराठी बांधव राजवाडा पाहतात, दसरा पाहतात. या नगरीच्या इतिहासातील एका लहानशा प्रकरणाकडे आम्ही त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. ते प्रकरण औषधाचे आहे, आणि त्याची वाट मुंबईवरून गेलेली आहे.

गाईच्या देवींपासून लस घेण्याची रीत एडवर्ड जेनरने १७९८ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यावर मालकी न सांगता ती जगाला मोकळी करून दिली. तरीही ती हिंदुस्थानात यावयास चार वर्षे लागली. कारण लस जिवंत. दूरच्या प्रवासात ती निकामी होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे मुक्काम करीत ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. तिच्या फोडातील लस पाच मुलांना टोचली गेली आणि अशीच दंडावरून दंडावर उतरत ती पुणे, हैदराबाद, मद्रास येथवर गेली.

म्हैसूरच्या गादीवर तेव्हा तिसरे कृष्णराज वडेयर होते. टॉमस हिकीने १८०५ च्या सुमारास काढलेल्या तीन राजस्त्रियांच्या चित्रातील धाकटी, म्हणजे राणी देवजम्मणी, दंडावरील टोचल्याची जागा दाखवीत आहे, असे इतिहाससंशोधक नायजेल चॅन्सेलर यांचे मत आहे. राणीने देवी काढून घेतल्यामुळे प्रजेची भीड चेपली, असे १८०६ सालची नोंद सांगते.

यावरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, औषध मोकळे झाले म्हणजे ते आपोआप घरोघर जात नाही. ते वाहून नेणारे हात लागतात. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरील ट्रास्टुझुमॅब हे औषधही जिवंत पेशींपासूनच होते. २०१३ साली मूळ कंपनीने त्याचे भारतातील पेटंट सोडले. २०१४ साली बंगळूरच्या बायोकॉनने तत्सम औषध बाजारात आणले. तरी ४४० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ५७,५०० रुपये होती, आणि उपचार तर बहुधा वर्षभर, दर तीन आठवड्यांनी घ्यावयाचा! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले. परंतु यादीतील नाव म्हणजे रुग्णाच्या हातातील कुपी नव्हे.

देवीचा रोग १९८० साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, ते सरकारांनी ही लस गरिबाच्या दारापर्यंत विनामूल्य नेली म्हणून. जी गोष्ट त्या लशीच्या बाबतीत साधली, ती या महागड्या औषधांच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.