ना.शा.

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा 'इ.-ना.शा.' अशी चौकट यायची. प्रत्यक्षात त्या तासाला अफझलखानच यायचा. नागरिकशास्त्राची पाळी फेब्रुवारीत, पोर्शन संपवायची घाई सुरू झाल्यावर. इतिहासाचं पुस्तक वर्षअखेरीस बघावं. पुढची पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, कुणाकुणाला मिशा काढलेल्या. शेवटची नागरिकशास्त्राची पानं मात्र कोरी करकरीत. इतिहासाच्या घरात मागच्या खोलीत राहणारा हा पोटभाडेकरू मुळात आला कुठून?

आधी नाव बघू. 'नागरिक' म्हणजे नगरातला. वात्स्यायनाच्या कामसूत्रातला 'नागरक' हा शहरातला खुशालचेंडू. सकाळी गंध-विडा, मग पोपट-मैनांना बोलायला शिकवायचं, कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी बघायच्या, दुपारी वामकुक्षी, रात्री गाणंबजावणं. (असा अभ्यासक्रम असता तर पानं कोरी राहिली नसती.) कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' हा चक्क नगराचा अधिकारी आहे. माणसांची मोजदाद ठेवणारा, आगीचे आणि रात्रीच्या संचाराचे नियम बघणारा. घरी पाहुणा आला किंवा गेला तर घरमालकानं त्याच्याकडे कळवायचं. म्हणजे हा शब्द कधी रंगेल माणसाचा, कधी कोतवालाचा. हक्क असलेला माणूस त्यात अजून शिरायचा होता. राज्यकर्त्यांच्या लेखी सामान्य माणूस होता रयत, नाहीतर प्रजा.

विषयाचं बीज पडलं 1882 साली. विल्यम हंटरच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. आयोगानं सुचवलं की नीतीचं एक क्रमिक पुस्तक तयार करावं आणि कॉलेजच्या प्रत्येक वर्गापुढे माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्यानं व्हावीत. कर्तव्यांवर. हक्कांचा उल्लेख नाही. आयोगात मुंबईचे काशिनाथ त्रिंबक तेलंग होते, वय अवघं बत्तीस. त्यांनी वेगळी टिपणी जोडून या शिफारशींना विरोध केला. त्याच वर्षी त्यांनी केलेलं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे नीती-धर्माचं वावडं असलेला हा गृहस्थ नव्हे. सरकारच्या छत्राखालचं कर्तव्यशिक्षण त्यांना पटत नव्हतं, इतकंच. आपल्या नागरिकशास्त्राच्या कुळात पहिला 'नाही' म्हणणारा माणूस मराठी होता, हे त्या कोऱ्या पानांत कुठंतरी छापायला हवं होतं.

याच आयोगाचे आणखी एक सदस्य विल्यम ली-वॉर्नर, मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षे नोकरी केलेले सनदी अधिकारी. त्यांनी 1897 मध्ये हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांसाठी 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे पुस्तक काढलं. साल लक्षात घ्या. पुण्यात प्लेग, 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत प्लेग-अधिकारी रँडवर गोळ्या, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने सक्तमजुरी. आणि याच साली मुलांना समजावून सांगितलं जातंय की सरकार शांतता राखतं, आरोग्य बघतं, म्हणून कर घेतं. मत देण्याचा अधिकार तेव्हा मूठभर लोकांना, तोही नगरपालिका आणि लोकलबोर्डापुरता. निवडायला फारसं काही नाही आणि तरी पुस्तकाचं नाव 'नागरिक'!

त्या पुस्तकाची मांडणी मात्र पक्की होती. आधी गाव, मग शहर, मग जिल्हा, मग प्रांत, तिथून चढत चढत राणीच्या साम्राज्यापर्यंत. ही शिडी बघितल्यावर मला सहावीचं पुस्तक आठवलं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग शहरी संस्था. सातवीत संविधान, आठवीत संसद. शिडीच्या टोकाला राणीऐवजी संविधान आलं, हा फरक लहान नाही. पण मुलाला पहिल्या पायरीवर उभं करून वर बघायला लावायची रीत तीच राहिली. सरपंच होण्याची पात्रता पाठ, आणि आपल्या गावची ग्रामसभा शेवटची कधी भरली हे ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर खोली बदलायचा एक प्रयत्न झाला. अमेरिकेत 1916 मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीनं इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांना 'सोशल स्टडीज' या एका छपराखाली आणलं होतं. आपल्याकडे 1952-53 च्या मुदलियार आयोगानं ती कल्पना उचलली. आमच्या वेळापत्रकात तिची खूण म्हणजे तेवढी एक आडवी रेघ, 'इ' आणि 'ना' यांच्या मधली.

नावाचा निकाल लागायला 2005 उजाडलं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं स्पष्ट लिहिलं की हा विषय वसाहतकाळात, रयतेची निष्ठा डळमळीत होत असताना आला. आता त्याला राज्यशास्त्र म्हणा. महाराष्ट्रात 2017 मध्ये नववीच्या आणि 2018 मध्ये दहावीच्या मुखपृष्ठावर 'इतिहास व राज्यशास्त्र' झळकलं. दहावीच्या त्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया आहे, राजकीय पक्ष आहेत, चळवळीसुद्धा आहेत. ली-वॉर्नरसाहेबांना चळवळींचा धडा वाचून घेरी आली असती. सहावी ते आठवीला मात्र नागरिकशास्त्रच राहिलं.

भाचीचं दहावीचं पुस्तक मध्ये चाळत होतो. इतिहासाचे नऊ धडे, राज्यशास्त्राचे पाच, दोन्ही मिळून पेपर 40 गुणांचा. चळवळींच्या धड्यात तिनं पेन्सिलीनं दोन ओळी अधोरेखित केल्या होत्या. मुखपृष्ठाच्या आत मूलभूत कर्तव्यांची यादी छापलेली होती, 1976 च्या घटनादुरुस्तीनं आलेली. तिच्या गणिताच्या पुस्तकातही तीच यादी होती. हक्कांची यादी दोन्हीत शोधली, सापडली नाही. "ती सातवीला होती," भाची म्हणाली, "ना.शा.ला."