तीन अर्पणपत्रिका

ईस्ट क्रॉयडनहून सेंट पँक्रसला थेट रेल्वे जाते. तेथून जवळच, प्रिमरोझ हिलच्या परिसरात, १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब येथे राहत होते, असे त्याच्या भिंतीवरील फलक सांगतो. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. आपण मुलाबाळांसह तेथे जातो आणि मुलांना बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी ऐकवतो. त्या पदव्यांमागे कोण कोण उभे होते, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. बाबासाहेबांनी स्वतः ते लिहून ठेवले आहे. त्यासाठी त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका वाचाव्या लागतात.

ते दिवस कठीण होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना मायदेशी परतावे लागले होते. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५,००० रुपये, एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. दिवसभर ब्रिटिश म्युझियममध्ये वाचन आणि रात्री भुकेच्या वेळी भाजलेले पापड, असे त्या दिनक्रमाचे चित्र चरित्रकार धनंजय कीर यांनी रेखाटले आहे. इकडे परळच्या चाळीत रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्या दांपत्याने आपली चार अपत्ये गमावली.

१९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता नोंदवली. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच गेल्या होत्या. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवणारे सुभेदार रामजी फेब्रुवारी १९१३ मध्ये वारले. मुलगा अमेरिकेला पोहोचला तो त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. ज्यांच्यामुळे शिक्षण झाले, त्यांना ते फळ पाहता आले नाही. १९२५ चा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी शिक्षणातील साहाय्याबद्दल सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. त्यानंतर काही वर्षांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' त्यांनी 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, धीर आणि आपल्यासोबत दुःख सोसण्याची तिची तयारी यांचा त्यात गौरव आहे. विवंचनेचे ते दिवस केवळ आपल्या वाट्याला आले असे ते म्हणत नाहीत. ते दोघांच्या वाट्याला आले असे म्हणतात.

संकटात माणसाची दृष्टी आकसते. आपलेच दुःख तेवढे दिसते आणि ते वाटून घेणारी माणसे नजरेआड होतात. आपण वंदनेच्या वेळी म्हणतो त्या महामंगल सुत्तात 'कतञ्ञुता' हे मंगल म्हणून सांगितले आहे. केलेले जाणणे, हा त्या शब्दाचा अर्थ. बाबासाहेबांनी दारिद्र्याचे आभार कधी मानले नाहीत, अस्पृश्यतेने आपल्याला घडवले असेही म्हटले नाही. त्यांनी आभार मानले ते माणसांचे.

या कृतज्ञतेला त्यांनी मर्यादाही घातली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांच्या विचाराचा दाखला दिला: मानाचे मोल देऊन कोणी कृतज्ञ राहू शकत नाही आणि स्वातंत्र्याचे मोल देऊन कोणतेही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. देशाची सेवा करणाऱ्या थोरांविषयी कृतज्ञता योग्यच, पण त्यांच्या चरणी स्वातंत्र्य वाहू नये, असा त्यांचा इशारा होता.

आपल्या स्थलांतरित जीवनाला हा इशारा फार जवळचा आहे. क्रॉयडनच्या वेलस्ली रोडवरील ल्युनर हाऊस ही इमारत व्हिसाच्या कामामुळे अनेक स्थलांतरितांच्या परिचयाची आहे. कागदपत्रांची प्रतीक्षा, घरभाडे, नोकरीची अनिश्चिती आणि गावी आजारी असलेले आईवडील, या सर्वांत 'येथे राहायला मिळते यातच समाधान माना' असा सूर कानी पडतो. ज्या भूमीने संधी दिली तिचे ऋण जरूर मानावे. परंतु कामाच्या ठिकाणी किंवा आपल्याच देशबांधवांत जातीवरून अपमान झाला, तर तो गिळणे म्हणजे कृतज्ञता नव्हे.

आपल्या तिकिटासाठी कोणी कर्ज काढले, कोणी दागिने मोडले, आपल्यामागे कोणी घर सांभाळले, ही नावे आपल्या मुलांना ठाऊक आहेत का? पुढच्या वेळी किंग हेन्रीज रोडवर जाल, तेव्हा पदव्यांसोबत रामजी, भीमाबाई, रमाई, सयाजीराव, शाहू महाराज आणि नवल भथेना ही नावे मुलांना सांगा. मग परतीच्या गाडीत आपल्या घरातील नावेही सांगा.

जय भीम!