डोळ्यांची पेटी

शताब्दीच्या निमित्ताने दिंडीच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या आम्ही पुन्हा चाळल्या. भिशी, गॅसबत्तीचं रॉकेल, पखवाजाची शाई, मुक्कामावरचं सरपण असा नेहमीचा हिशेब. त्यात मधूनच एक ओळ येते, ‘डोळ्यांसाठी’. पुढे रक्कम, बहुतेक वेळा नाव नाही. दिंडीच्या कीर्तनांचा, मानाचा, मुक्कामांचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिला आहेच. आम्ही या एका ओळीचा लिहितो.

आपली गावं मिरजेच्या आसपासची, हे आपलं भाग्य. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला आणि मोतीबिंदू काढून घ्यायला लांबलांबची माणसं तिथं येऊ लागली. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. मग एकाच गाडीनं वारकरी पंढरीला जात आणि तिकडचे आंधळे-अधू मिरजेला येत. आपल्यात मात्र सुरुवातीला कुरकूर होती. मिशनच्या दवाखान्यात माळ उतरवायला लावतात, बाटवतात, असं कुणी कुणी म्हणे. पहिल्या विणेकरीबुवांना दिसेनासं झालं आणि ही कुरकूर थांबली. बुवांना ज्ञानेश्वरी तोंडपाठ, त्यामुळे पोथीवाचून अडत नव्हतं; पण विणा गळ्यात घालून ओढ्याच्या दरडीवरून चालायचं कसं? बुवा गेले, डोळा करून आले. गळ्यातली माळ होती तिथंच होती.

त्या वेळी दवाखान्याचे पैसे गरिबाला माफ होत किंवा कमी होत. खर्च व्हायचा तो दुसरीकडेच. डोळा काढल्यावर कितीतरी दिवस मान न हलवता उताणं पडून राहावं लागे. खायला घालायला, उठवायला-बसवायला जवळचं माणूस पाहिजे. त्या माणसाची मजुरी बुडायची, त्याचं पोट वेगळं. घरी आल्यावर पुन्हा चष्म्यासाठी हेलपाटा, कारण डोळ्यातलं भिंग काढून टाकलेलं असल्याने सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड काच लावल्याशिवाय काही दिसत नसे. बुवांच्या वेळी हे सगळं टाळकऱ्यांनी आपसांत वाटून घेतलं. उरलेले पैसे एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. दर एकादशीला हरिपाठ झाला की तो डबा फिरायचा. तीच ही पेटी.

स्वातंत्र्यानंतर शिबिरं आली. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या टाकून ओळीनं माणसं झोपवलेली आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवतात. १९७६ साली केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यातून मोफत ऑपरेशन करणाऱ्या संस्थांना दर डोळ्यामागे ठरावीक अनुदान मिळू लागलं. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचं मोठं काम झालं, त्यात महाराष्ट्रही होता. शाळेतली ऑपरेशनं हळूहळू बंद होऊन ती दवाखान्यातच होऊ लागली. हे बरंच झालं, कारण उघड्यावर जंतू जायची भीती फार. डोळ्यात नवं भिंग बसायला लागलं आणि जाड चष्मे गेले. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघायचंही कारण उरलं नाही, तरी आपली म्हातारी माणसं अजून बघतातच.

मग पेटीचं काम संपलं का? आम्हालाही तसंच वाटलं होतं. आणि इथंच दिंडीच्या हातून एक चूक झाली. गौरव अंकात असलं लिहू नये, असं काहींचं मत पडलं. आम्ही लिहितो आहोत.

शिबिरांच्या त्या काळात पेटीत पैसा साठत गेला, तसा एक नियम केला गेला. मदत फक्त माळकऱ्याला आणि भिशी भरणाऱ्याला. स्वयंपाकाच्या गाडीबरोबर भांडी घासायला येणारी एक मावशी होती. भिशी भरत नव्हती, कामावर जेवत होती. ‘बाजूचं दिसंना झालंय, माणूस एकदम अंगावर येतंय’ असं ती म्हणायची. शिबिरात तपासणाऱ्यांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, मोठ्या दवाखान्यात जा. शिबिराचं अनुदान मोतीबिंदूचं. पेटीचा नियम माळकऱ्यांचा. मावशीला कुणी नाही म्हणालं नाही, ‘पुढच्या वारीनंतर बघू’ एवढंच म्हणाले. दोन वाऱ्या गेल्या. तिला काचबिंदू होता. मोतीबिंदूनं गेलेली नजर परत येते, काचबिंदूनं गेलेली येत नाही. आहे तेवढी थेंब घालून राखायची. तिची राखायला फारशी उरली नव्हती. पुढची कितीतरी वर्षं ती पालखीपुढे नाही, गाडीच्या मागच्या लाकडाला धरून चालली. नियमाला हात वर करणाऱ्यांत आमच्यातलेच काही होते.

तो नियम पुढच्या बैठकीत रद्द झाला. वहीत त्याचं कारण लिहिलेलं नाही.

आज ऑपरेशनच्या खर्चाला वाटा पुष्कळ आहेत. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत जातात. हे हक्कानं मागायचं असतं. पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पुन्हा दाखला, यात म्हातारं माणूस दमून घरी बसतं. म्हणून दिंडीतली दोन कॉलेजची पोरं आता नुसती कागदं करतात. पेटीतून त्यांचं पेट्रोल जातं.

बाकी पेटी जाते थेंबांवर. ऑपरेशन एकदाच होतं आणि त्याला अनुदान मिळतं. काचबिंदूची बाटली महिन्याला संपते, जन्मभर लागते, आणि तिच्यासाठी अनुदान मागायला गेलं की समोरचा माणूस फॉर्ममध्ये रकाना शोधत बसतो. घरात पैसा अडला की आधी म्हातारीचीच बाटली थांबते, म्हाताऱ्याची नंतर. जुन्या वहीतही तेच दिसतं. पहिल्या कितीतरी पानांवर बाईमाणसाचा डोळा नाही. मग ‘अमक्याची आई’ येते, आणि अलीकडे बायांची स्वतःची नावं.

पेटी अजून एकादशीलाच फिरते. थेंब चालू असलेल्यांनी रिकामी बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी हरिपाठानंतर विणेकऱ्यांकडे द्यावी. माळ आहे की नाही, कुणी विचारणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या सर्वांनी, विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना काचबिंदू होता त्यांनी, कार्तिकीच्या आधी एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. मिरजेला जाणारी गाडी द्वादशीला सकाळी देवळापासून निघते.