गाऱ्हाण्याची वाट

दिल्लीच्या उत्तरेकडच्या टेकडीवर आज महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय उभे आहे. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते हिंदूराव कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, बायजाबाईंचे भाऊ आणि दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. 1833 मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेरचा कारभार सोडून बाहेर पडावे लागले आणि पुढे हिंदूराव दिल्लीकर झाले. कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर 1835 मध्ये गोळीला बळी पडला; टेकडीवरची त्याची कोठी हिंदूरावांनी घेतली. ते 1857 पूर्वीच वारले. त्या वर्षीच्या उठावात 8 जूनपासून दिल्लीवरच्या 14 सप्टेंबरच्या हल्ल्यापर्यंत इंग्रजांचा सर्वांत महत्त्वाचा मोर्चा होता तो याच कोठीत. लोक सरकारवर का उठतात, हा प्रश्न या जागेवरून विचारण्यासारखा आहे, कारण त्याची नेहमीची दोन उत्तरे, असह्य जुलूम आणि दूरचे परके राज्य, या एका घराण्याच्या इतिहासापुढेच टिकत नाहीत. जुलूम लोक फार सोसतात आणि दूरचे राज्य पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतात. दिलेला शब्द मोडला गेला आणि तो मोडल्याचे सांगायला जवळचे दारही बंद झाले, म्हणजे मात्र ते उठतात.

हिंदूरावांचे वडील सर्जेराव घाटगे यांनी 1798 मध्ये पुण्यात जे केले, त्याहून उघड जुलूम मराठी मुलखाने क्वचितच पाहिला असेल. दौलतरावांच्या फौजेला पैसा हवा होता. तो काढण्यासाठी सावकार, कारकून आणि बडे गृहस्थ धरून त्यांचा छळ झाला आणि काही जण त्यात दगावले. पुणे शहर मात्र उठले नाही. त्याच काळात दौलतरावांविरुद्ध हत्यार उचलले ते महादजी शिंद्यांच्या विधवांनी. त्यांना इतमामाने सांभाळण्याचे वचन दौलतरावांनी दिले होते. ते पाळले नाहीच, वर सर्जेरावांच्या हातून त्यांची विटंबना झाली. शिंद्यांच्या फौजेतले जुने सरदार बायांच्या बाजूला गेले आणि ते युद्ध पुढे रेंगाळत राहिले. पुणेकरांचे हाल बायांच्या हालांहून कमी नव्हते. पण बायांच्या हातात दिलेला शब्द होता, पुणेकरांच्या हातात तसे काही नव्हते. शिवाय बायांच्या मागे घोडेस्वार होते, आणि हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बळ नसेल तर रास्त तक्रारही मनात कुजते.

कागलपासून फार दूर नसलेल्या सामानगडावर 1844 मध्ये हेच अधिक स्पष्ट दिसते. कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन राजा होता आणि इंग्रजांनी नेमलेले दाजी कृष्ण पंडित कारभार पाहत होते. गडाच्या रक्षणाबद्दल गडकऱ्यांकडे वंशपरंपरेने जमिनी चालत आल्या होत्या. त्यांची व्यवस्था काढून मामलेदारांच्या कचेरीकडे देण्यात आली. हिशेबाच्या दृष्टीने ही सुधारणा होती आणि पंडितांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. पण गडकऱ्याच्या लेखी जमीन आणि गड ही एकच गोष्ट होती. सामानगडाने दरवाजे लावून घेतले, भुदरगड त्याच्या मागोमाग गेला आणि पन्हाळ्यावर तर कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारीच कैदेत पडला. वर्ष संपण्याआधी कंपनीच्या तोफांनी हे गड पाडले. बदल करणाऱ्यांनी गडकऱ्यांना आधी विचारले असते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधता येत नाही. पण विचारले नव्हते, एवढे खरे.

1857 मध्ये हिंदूरावांच्या कोठीसमोर जे शिपाई लढले, त्यांतले पुष्कळ अवधचे होते. फेब्रुवारी 1856 मध्ये अवध खालसा झाले, तेव्हा या शिपायांचे एक जुने साधन गेले, आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. गावाकडच्या जमिनीच्या तंट्यात कंपनीच्या शिपायाचा अर्ज लखनौच्या रेसिडेंटमार्फत नवाबाच्या दरबारी जात असे आणि त्याला वजन असे. खालसा होताच तो इतर रयतेच्या रांगेत आला. त्याच वर्षी नव्या भरतीतल्या प्रत्येकावर, हुकूम होईल तिथे, समुद्रापार जाण्याचीही अट आली. साताऱ्याच्या रंगो बापूजींनी तर अर्जाची ही वाट लंडनपर्यंत चालून पाहिली. साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांचे वकील म्हणून ते तिकडे गेले, तेरा-चौदा वर्षे कंपनीच्या दाराशी बसले आणि 1853 मध्ये रिकाम्या हातांनी परतले. सप्टेंबर 1857 मध्ये साताऱ्याला कटाबद्दल सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगाही होता. एवढी वर्षे कायद्याने दाद मागणारा माणूस शेवटी कटाकडे वळतो, तेव्हा त्याचा स्वभाव तपासण्यापेक्षा त्याच्या अर्जांचे काय झाले ते तपासावे.

यावर काडतुसांचा आक्षेप येईल: उठाव धर्माच्या भीतीने पेटला, शब्द आणि अर्ज यांनी नव्हे. भीती खरी होती, ती क्षुल्लक मानणे अन्याय होईल. पण मेरठच्या पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली ती एप्रिलच्या 24 तारखेला, आणि छावणी उठली 10 मे रोजी, म्हणजे भर कवायतीत त्यांना बेड्या ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे नाही, हे त्या कवायतीत सर्वांना दिसले. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. याच कोठीत इंग्रजांच्या बाजूने सिरमूर पलटणीचे गुरखे लढत होते आणि त्यांच्या 490 जणांपैकी 327 जण मेले किंवा जखमी झाले. परके राज्य म्हणून उठावे असे असते, तर ते का लढले? त्यांच्याशी झालेला करार कंपनीने मोडला नव्हता, आणि अवध त्यांचे गाव नव्हते. बायजाबाईंचेही तसेच. सत्ता गेली, तरी तनखा चालू होता आणि अर्ज पोचत होते. जून 1858 मध्ये तात्या टोपे ग्वाल्हेरला आले तेव्हा त्या त्यांना मिळाल्या नाहीत.

रुग्णालयाजवळ अशोकाचा एक स्तंभ आहे, फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवलेला. अशोकाबद्दलची, बऱ्याच शतकांनंतर लिहिली गेलेली एक बौद्ध कथा अशी आहे की, बिंदुसाराच्या काळी तक्षशिला उठली तेव्हा राजपुत्र अशोकाला लोकांनी सांगितले, आमचे राजाशी वैर नाही, दुष्ट अमात्य आमचा अपमान करतात. घटना घडली की नाही, हा वेगळा प्रश्न. पण दूरच्या राजाला लोक सहसा माफ करतात, तो पाठवतो त्या माणसाला करत नाहीत, एवढे कथा रचणाऱ्याला माहीत होते. उठावाच्या महिन्यांत दिल्लीकरांनीही हेच केले. शिपायांनी दुकाने लुटली, तेव्हा बहादूरशहाकडे अर्जांची रीघ लागली. ते कागद हजारोंच्या संख्येने दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बादशहाच्या हाती फारसे काही नव्हते, पण त्याचे दार जवळ होते. उठाव करणाऱ्यांनी शहराचे हाल केले, हे या अर्जांतूनच दिसते आणि ते झाकण्याचे कारण नाही.

पराभवानंतर कारणे शोधणाऱ्यांत दिल्लीचे सय्यद अहमद खान होते. स्वतः कंपनीचे नोकर, उठावात इंग्रजांचे जीव वाचवलेले. कायदे करणाऱ्या मंडळात एकही हिंदी माणूस नसल्याने सरकारला रयतेचे मन आणि रयतेला सरकारचा हेतू कधी कळलाच नाही, हे त्यांनी मूळ कारण मानले. 1861 च्या कायद्याने ती जागा थोडी उघडली आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरलच्या मंडळात जे तीन हिंदी सभासद बसले, त्यांत ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे होते. मात्र त्या मंडळात सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क सभासदांना नव्हता. तो 1892 मध्ये मिळाला, तोही पुरवणी प्रश्नाविना.