रंगेल ड्यूक सुधारतो, ही गोष्ट आपल्याला इतकी का आवडते?

‘ब्रिजर्टन’ पाहिलंय ना? मग दुसऱ्या सीझनमधला अँथनी आठवत असेल. खानदानी, देखणा, बाहेरख्याली, आणि शेवटी एकीच्याच प्रेमात पार विरघळलेला. अशा माणसाला इंग्रजीत ‘रेक’ म्हणतात. लोकलचा रेक नाही हं, रंगेल माणूस! तो सुधारतो, ही रीजन्सी रोमान्सची लाडकी गोष्ट. ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’ हे आपल्याकडेही म्हणतातच की.

‘पोरींना बॅड बॉयच आवडतात’ असं म्हणून लोक हा विषय उडवून लावतात. मला ते पटत नाही. त्या काळचा कायदा बघा, मग गंमत कळते.

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारी, म्हणून मुलगा रीजंट, म्हणजे कारभारी. त्या इंग्लंडमध्ये बाईचं लग्न झालं की कायद्याच्या नजरेत तिचं वेगळं अस्तित्वच संपायचं. तिचा पैसा नवऱ्याचा, तिची कमाई नवऱ्याची. श्रीमंत बाप लग्नाआधी करार करून थोडी रक्कम तिच्यासाठी बाजूला ठेवायचे, तेवढाच आधार. मुलांवर हक्क बापाचा. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर थेट संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यायचा! १८५७ पर्यंत हीच पद्धत होती, आणि तोवर असा घटस्फोट मिळालेल्या बायका किती? फक्त चार.

म्हणजे नवरा निवडणं हा आयुष्यातला एकमेव मोठा जुगार. चुकलात की सुटका नाही.

खरं उदाहरण घ्या. कवी बायरन, त्या काळचा सगळ्यात गाजलेला रेक. ॲनाबेला मिलबँक हुशार, गणिताची आवड असलेली, धार्मिक मुलगी. पहिल्यांदा तिने त्याला नकार दिला. दुसऱ्यांदा हो म्हणाली, कारण आपण याला सुधारू असं तिला वाटत होतं. जानेवारी १८१५ मध्ये लग्न, डिसेंबरात मुलगी ॲडा, आणि जानेवारी १८१६ मध्ये ॲनाबेला पाच आठवड्यांचं बाळ घेऊन माहेरी निघून गेली. अख्खं एक वर्षच टिकलं ते. एप्रिलमध्ये बायरनने देश सोडला तो कायमचा. हक्क बापाचा असूनही त्याने मुलीसाठी भांडण काढलं नाही, हे तिचं नशीब. (हीच ती ॲडा लव्हलेस, कॉम्प्युटरच्या इतिहासातली!)

त्याच काळात जेन ऑस्टिन लिहीत होती. १८१४ च्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये तिने हेन्री क्रॉफर्ड नावाचा मस्त रेक उभा केला. तो फॅनीच्या मागे लागतो, खरंच बदलतोय असं वाटायला लागतं, आपणही पाघळतो... आणि पठ्ठ्या एका विवाहित बाईबरोबर पळून जातो! फॅनीने आधीच ‘नाही’ म्हटलेलं असतं, म्हणून वाचते. ऑस्टिनला तो कायदा रोज डोळ्यासमोर दिसत होता. तिला स्वप्न रंगवणं परवडणारं नव्हतं.

स्वप्न रंगवलं ते शंभरेक वर्षांनंतर, जॉर्जेट हेयरने. तिचं पहिलं पुस्तक आलं १९२१ मध्ये. १८८२ पासून इंग्लंडमधल्या बायकोला स्वतःची मालमत्ता ठेवता येत होती, आणि १९२३ पासून नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत एवढ्याच कारणावर घटस्फोट मागता येऊ लागला. पुरुषांना ती सोय १८५७ पासूनच होती, बरं का!

हेयरची ‘व्हेनेशिया’ (१९५८) जरूर वाचा. त्यातला डॅमरेल बदनाम रेक. पण व्हेनेशिया त्याला सुधारायला निघालेलीच नाही. तिला त्याच्याशी गप्पा मारायला, हसायला आवडतं, बस. उलट तोच म्हणतो, माझ्याशी लग्न करून तुझं वाटोळं होईल. आणि ती लंडनहून परत येते, स्वतःच्या अटींवर, त्याला लग्नाला तयार करायला.

सगळी सत्ता ज्याच्या हातात, तो माणूस ती वापरायला नकार देतो. अँथनी पाहताना धडधडतं ते मला वाटतं यामुळेच, त्याच्या ओल्या शर्टामुळे नाही. बरं, थोडंसं शर्टामुळेही!